पाणी तापविण्यासाठी बॉयलर केवढा?

मराठी घरातला तांब्याचा बंब ही मोठी सोयीची वस्तू होती. मध्ये विस्तवाची नळी, भोवती पाणी, वर धुराला वाट आणि बाजूला तोटी. घरात माणसे किती हे पाहून बंब केवढा घ्यावयाचा ते ठरे. तांबट किती घागरींचा हवा एवढेच विचारी आणि त्यावर व्यवहार पुरा होई. कागदावर हिशेब मांडण्याचे कोणाला कारण पडत नसे, कारण अंदाज चुकलाच तर फार तर शेवटच्या माणसाला कोमट पाण्याने स्नान उरकावे लागे.

तोच प्रश्न एखाद्या रुग्णालयापुढे, वसतिगृहापुढे किंवा रंगशाळेपुढे उभा राहिला म्हणजे घागरींचे माप पुरत नाही. उदाहरणादाखल ग्वाल्हेरसारख्या गावी दोनशे खाटांचे एक रुग्णालय आहे असे मानावे. जुना बॉयलर निकामी झाला आहे आणि विश्वस्तांच्या टेबलावर तीन दरपत्रके पडली आहेत. एक अर्ध्या टनाचे, एक एक टनाचे आणि एक दोन टनांचे. बैठकीत कोणी तरी म्हणतो की पलीकडच्या संस्थेत दोन टनांचा आहे, तेव्हा आपणही तोच घ्यावा. मोठा घेतलेला कधी वाया जात नाही. दुसरा काटकसरी गृहस्थ लहानाकडे बोट दाखवितो. दोघांचेही म्हणणे हिशेबावाचूनचे असते. लहान बॉयलर घेतला आणि तो अपुरा पडला, तर जानेवारीच्या पहाटे बाळंतिणींच्या दालनात थंड पाणी येते. भलताच मोठा घेतला तर दर महिन्याला इंधनाचे बिल पाहून खजिनदाराला घाम फुटतो, आणि तो पैसा शेवटी औषधांच्या खात्यातून जातो.

प्रथम 'टन' या शब्दाचा उलगडा करावयास हवा. एक टनाचा बॉयलर म्हणजे ज्याचे वजन एक टन आहे असा नव्हे, किंवा ज्यात एक टन पाणी मावते असाही नव्हे. तो ताशी १००० किलोग्रॅम पाण्याची वाफ करतो. म्हणजे हे माप वेगाचे आहे, साठ्याचे नव्हे. आणि पुढचा बहुतेक घोटाळा हा भेद विसरल्यामुळेच होतो.

एक किलोग्रॅम वाफ किती पाणी तापवील, हा प्रश्न १७६४ च्या सुमारास ग्लासगो येथे जेम्स वॉट याला पडला होता. वाफेचे इंजिन सुधारण्याच्या खटपटीत त्याने किटलीतली वाफ नळीने थंड पाण्यात सोडून पाहिली, आणि त्याला असे आढळले की वाफेच्या रूपाने आलेले थोडेसे पाणी आपल्या सहापट वजनाच्या विहिरीच्या पाण्याला उकळीपर्यंत नेते. हे कोडे घेऊन तो प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांच्याकडे गेला, तेव्हा ब्लॅक यांनी त्याला सुप्त उष्णतेचा सिद्धांत समजावून दिला. तो ते आपल्या विद्यार्थ्यांना आधीपासून शिकवीत होते. पाणी १०० अंशांवर पोचल्यावर त्याची वाफ होताना तापमान यत्किंचितही वाढत नाही, तरीही ते दर किलोग्रॅममागे सुमारे ५३९ किलोकॅलरी उष्णता गिळंकृत करते. वाफेचे पुन्हा पाणी झाले की ही सारी ठेव परत मिळते. वॉटचे सहा घेऊन हिशेब पडताळून पाहता येतो: १० अंशांचे विहिरीचे पाणी १०० अंशांपर्यंत नेण्यास किलोग्रॅममागे ९० किलोकॅलरी लागतात, आणि सहा वेळा नव्वद म्हणजे ५४०. किटली आणि थंड पाणी एवढ्या साहित्यावर केलेला प्रयोग इतका नेमका उतरावा याचे नवल वाटते.

बॉयलरचे माप ठरविण्याचा पाया एवढाच आहे. पाण्याला किती उष्णता हवी ते काढावे आणि एक किलोग्रॅम वाफ त्यातली किती देते त्याने भागावे. अडचण येते ती भागाकारात नव्हे, तर कोणते आकडे घ्यावयाचे यात.

रुग्णालयाला दिवसाकाठी ६० अंशांचे १६,००० लिटर गरम पाणी लागते, असे परिचारिकांच्या आणि परिटाच्या नोंदींवरून दिसले असे समजू. नळाचे पाणी वर्षभर सारखे नसते. मे महिन्यात ते आपोआपच कोमट येते. पण बॉयलर मे महिन्यासाठी घ्यावयाचा नसतो. ग्वाल्हेरच्या कडाक्याच्या थंडीत टाकीतले पाणी १५ अंशांवर उतरते असे धरले तर चढ ४५ अंशांचा झाला. गोव्यात समुद्रकाठच्या एखाद्या रुग्णालयात हेच पाणी २६ अंशांचे धरले तर चढ ३४ अंशांचा. म्हणजे सारखेच पाणी तापविण्यास पणजीला ग्वाल्हेरपेक्षा सुमारे एकचतुर्थांश उष्णता कमी लागेल. एका गावचे दरपत्रक दुसऱ्या गावी जसेच्या तसे उचलणाऱ्यांनी एवढा एक आकडा तरी बदलावा. थर्मामीटर फार महाग नसतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाच वाजता टाकीत तो बुडवून आठ दिवस नोंद ठेवली, की हा आकडा अंदाजाचा राहत नाही.

आता वेळेचा प्रश्न. सोळा हजार लिटर दिवसभरात लागतात हे खरे. पण ते सारखे लागत नाहीत. सकाळी सहा ते आठ या दोन तासांतच ८००० लिटर खर्ची पडतात, आणि त्यातही एक तास असा येतो की ५००० लिटरची मागणी होते. स्नाने, दालनांची धुलाई, स्वयंपाकघर, सारे एकाच वेळी सुरू असते. बॉयलरने ही मागणी त्या क्षणी भागवावी असे ठरविले, तर ५००० लिटर गुणिले ४५ म्हणजे ताशी २,२५,००० किलोकॅलरी उष्णता त्याने दिली पाहिजे. नळांतून आणि टाकीच्या अंगातून जी उष्णता निसटते तिच्यासाठी एक दशांश वाढवावे. ती सुमारे २,४७,५०० झाली.

वाफ दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोग्रॅम दाबाची घेतली तर तिचे तापमान सुमारे १४८ अंश असते. येथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. दाब वाढला म्हणजे वाफ अधिक तापते, पण तिची सुप्त उष्णता कमी होते. साडेतीन किलोग्रॅम दाबाला ती ५०६ किलोकॅलरी असते आणि दहा किलोग्रॅम दाबाला ४८० च्या आसपास उतरते. नुसते पाणी तापवावयाचे असेल तर जास्त दाबाचा बॉयलर घेऊन काही साधत नाही. २,४७,५०० ला ५०६ ने भागले म्हणजे ताशी ४९० किलोग्रॅम वाफ लागेल. शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करण्याची पेटी आणि परिटाची इस्तरी यांना मिळून १५० किलोग्रॅम धरावी. एकूण ६४०.

या ठिकाणी पुष्कळ विश्वस्त समाधानाने पेन मिटवितात आणि साडेसहाशे किलोग्रॅमचा बॉयलर मागवितात. तो येतो आणि त्यातून साडेपाचशे किलोग्रॅमच वाफ निघते. मग विक्रेत्यावर आगपाखड होते. विक्रेत्याने लबाडी केलेली नसते. दरपत्रकातल्या एका ओळीचा अर्थ कोणी विचारलेला नसतो. बॉयलरची शक्ती बहुधा '१०० अंशांपासून १०० अंशांवर' अशी सांगितलेली असते. म्हणजे आत येणारे पाणी आधीच १०० अंशांना पोचलेले आहे आणि त्याची फक्त वाफ करावयाची आहे, असे गृहीत धरून ताशी किती वाफ होईल त्याचा तो आकडा. निरनिराळ्या कारखानदारांच्या बॉयलरांची तुलना करावयास हे माप सोयीचे आहे. पण प्रत्यक्षात बॉयलरला पाणी मिळते ते ३० अंशांचे. साडेतीन किलोग्रॅम दाबाच्या वाफेत एकूण ६५५ किलोकॅलरी असतात. त्यांतल्या ३० पाण्याबरोबर आल्या, बाकीच्या ६२५ भट्टीने द्यावयाच्या. कारखानदाराने मात्र ५३९ च मोजलेल्या असतात. ५३९ ला ६२५ ने भागले की ०.८६२ येतात, म्हणजे सांगितलेल्या शंभर किलोग्रॅमपैकी शहाऐंशीच हाती लागतात. ६४० किलोग्रॅम खरी वाफ हवी असेल तर कागदावरचा आकडा ७४२ असावयास हवा.

अमेरिकेत हेच माप 'बॉयलरच्या अश्वशक्ती'त सांगण्याची चाल आहे. १८७६ मध्ये फिलाडेल्फिया येथे जे शताब्दी प्रदर्शन भरले होते, तेथील बॉयलरांच्या चाचण्यांत ती रूढ झाली. एक अश्वशक्ती म्हणजे १०० अंशांवरच्या पाण्याची ताशी १५.६५ किलोग्रॅम वाफ. मोटारीच्या अश्वशक्तीशी हिचा काहीही संबंध नाही, आणि दोन्ही एकच समजून पंपाची मोटार ठरविणारे महाभाग आढळतात.

तर सरळ हिशेबाने पाऊण टनाचा बॉयलर, म्हणजे बाजारात जाऊन एक टनाचा. परंतु दिवसातून एक तासच येणाऱ्या मागणीसाठी एवढे मोठे धूड बांधून ठेवावे काय? येथे घरचा बंब उपयोगी पडतो. बंबाने कधी मागणीबरोबर पाणी तापविले नाही. पहाटे उठून तो पेटविला जाई आणि सूर्योदयापर्यंत भरलेला असे. तीच युक्ती रुग्णालयाला चालते. सोळा हजार लिटर पाणी आठ तासांत तापवावयाचे ठरविले, पहाटे चार ते दहा असे सहा तास आणि संध्याकाळी चार ते सहा असे दोन तास, तर ताशी २००० लिटर पुरतात. त्यांना ९०,००० किलोकॅलरी आणि निसटणारी धरून ९९,०००. वाफ होते १९६ किलोग्रॅम. पेटीची आणि इस्तरीची १५० मिळवून ३४६. आणि मघाच्या ०.८६२ ने भागून कागदावर ४०१. अर्ध्या टनाचा बॉयलर हे काम करून वर पंचवीस टक्के शिल्लक ठेवील.

मात्र याची किंमत टाकीच्या रूपाने द्यावी लागते. सहा ते आठ या वेळात ८००० लिटर जातात आणि बॉयलर ४००० भरून काढतो. उरलेले ४००० लिटर सहा वाजण्यापूर्वीच तापून तयार असले पाहिजेत. चार हजारांची टाकी घेऊन भागणार नाही, कारण गरम पाणी वरून जाऊ लागले की खालून गार पाणी शिरते आणि शेवटचे पाणी कोमट होत जाते. पाऊण टाकीच खरी कामाची धरावी. म्हणून साडेपाच हजार लिटरची टाकी, अंगावर चांगले जाड उष्णतारोधक वेष्टण घातलेली. अशा टाकीचा खर्च आणि अर्ध्या व एक टनाच्या बॉयलरांच्या किमतींतला फरक ताडून पाहावा; बहुतेक ठिकाणी टाकीचे पारडे जड होईल. शिवाय टाकी जळत नाही, फुटत नाही आणि तिला परवानाधारक माणूस लागत नाही.

जुन्या गिरण्यांतून काम केलेली मंडळी या हिशेबाला हसतात. इंदूरच्या गिरण्यांत बॉयलरघर पाहिलेला माणूस सांगेल की तेथे कधी कोणी एवढे काटेकोर मोजले नाही आणि वाफही कधी कमी पडली नाही. त्याचे सांगणे खरे आहे, पण कारण वेगळे आहे. फेअरबेर्न आणि हेदरिंग्टन यांनी १८४४ मध्ये काढलेला लँकाशायर जातीचा बॉयलर गिरण्यांतून सर्वत्र असे, आणि त्याच्या पोटात कित्येक टन उकळते पाणी असे. एकाएकी वाफेची मागणी वाढली की दाब थोडा उतरे, आणि तेवढ्यानेच त्या अफाट पाण्यातून वाफ उसळून येई. बॉयलर स्वतःच साठ्याची टाकी होता. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, इतर गिरण्यांचीही धुराडी थंडावली, आणि आज बाजारात जे आटोपशीर बॉयलर मिळतात त्यांच्या पोटात पाणी अगदी थोडे असते. ते अर्ध्या तासाच्या आत वाफ धरतात हा त्यांचा गुण. पण अंगात साठा नसल्यामुळे मागणीची लाट त्यांना सोसत नाही. दाब धाडकन उतरतो, आतले पाणी खवळते आणि वाफेबरोबर पाण्याचे थेंब नळीत वाहून जातात. अशी ओली वाफ उष्णता कमी देते, मग कामगार झडप आणखी उघडतो, आणि दुखणे वाढत जाते. गिरणीतला ठोकताळा लहान बॉयलरला लावला की असे होते.

उलट दोन टनांचा बॉयलर घेऊन त्याला साडेतीनशे किलोग्रॅमचे काम दिले तर काय होईल? तेलावर किंवा वायूवर चालणारा असेल तर तो चार मिनिटे जळेल, दाब पुरा होऊन विझेल, पुन्हा पेटेल. प्रत्येक वेळी पेटण्यापूर्वी भट्टीत साचलेला वायू काढून टाकण्यासाठी पंखा थंड हवा आत सोडतो, आणि ती हवा तापलेल्या नळ्यांची उष्णता धुराड्यातून बाहेर नेते. कोळशाची भट्टी असेल तर मंद जाळावर कोळसा अर्धवट जळतो. बॉयलरच्या अंगातून होणारी गळती तर काम असो वा नसो चालूच. मोठा घेतलेला वाया जात नाही, हे वाक्य धान्याच्या कणगीला शोभते, बॉयलरला नव्हे.

वाफेने आपली उष्णता टाकीतल्या पाण्याला दिल्यावर तिचे जे पाणी होते त्याचे काय करावे, हा प्रश्न दरपत्रकात सहसा नसतोच. ते स्वच्छ, क्षारविरहित आणि कढत असते, आणि कितीएक ठिकाणी ते खुशाल गटारात सोडतात. ते परत आणून बॉयलरचे पाणी ३० ऐवजी ७५ अंशांचे करता आले, तर दर किलोग्रॅम वाफेमागे ६२५ पैकी ४५ किलोकॅलरी वाचतात, म्हणजे इंधनात सात टक्क्यांची बचत. मघाचा ०.८६२ हा गुणकही ०.९३ वर जातो. ग्वाल्हेरचे काय किंवा माळव्यातले काय, विहिरीचे पाणी जड असते. गटारात जाणाऱ्या प्रत्येक लिटरच्या जागी तसले एक लिटर जड पाणी बॉयलरमध्ये जाते आणि नळ्यांवर क्षारांचे एकेक पूट चढविते.

बॉयलर बरोबर मोजला, तरी टाकीतली वाफेची वेटोळी अपुरी असेल तर सारे व्यर्थ. वाफ तयार आहे, पण पाण्यात उष्णता शिरावयास वाट नाही, अशी स्थिती होते. १४८ अंशांची वाफ आणि १५ पासून ६० पर्यंत चढणारे पाणी यांत सरासरी १०९ अंशांचे अंतर पडते. थोडा क्षार बसेल हे गृहीत धरून दर चौरस मीटरला, दर अंशाला, ताशी ६०० किलोकॅलरी जातील असे मानले, तर ९९,००० किलोकॅलरींना दीड चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. एक इंची तांब्याची नळी घेतल्यास ती सुमारे एकोणीस मीटर लांब हवी. दहा मीटरची वेटोळी बसवून बॉयलरला दोष देणारे कमी नाहीत. रंगशाळेत वाफ सरळ हौदातच सोडतात. तेथे ही अडचण नाही आणि रंगाला तिचे वावडे नसते. रुग्णालयात तसे करू नये, कारण बॉयलरच्या पाण्यात घातलेली रसायने ओल्या वाफेबरोबर रोग्याच्या अंगावर यावयाची.

साठ अंश हा आकडाही मनाला येईल तसा घेतलेला नाही. पन्नास अंशांवर भागेल आणि इंधन वाचेल, असे म्हणणारा कोणी तरी बैठकीत निघतोच. १९७६ मध्ये, बॉयलरांच्या त्या प्रदर्शनानंतर बरोबर शंभर वर्षांनी, त्याच फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या एका अधिवेशनात न्यूमोनियाची साथ उद्भवली आणि पुढच्या वर्षी लिजिओनेला नावाचा जंतू सापडला. कोमट साठलेल्या पाण्यात तो वाढतो आणि पाण्याच्या सूक्ष्म तुषारांबरोबर फुप्फुसांत जातो. आधीच अशक्त झालेल्या रोग्यांच्या घरात त्याला थारा देणे परवडण्यासारखे नाही. म्हणून साठा ६० अंशांच्या खाली जाऊ द्यावयाचा नसतो. पण ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. तेव्हा स्नानगृहाच्या तोटीपाशी थंड पाणी आपोआप मिसळणारी झडप बसविणे तितकेच जरूर आहे. तिचा खर्च बॉयलरच्या अंदाजपत्रकातच धरावा, मागाहून म्हणून ठेवू नये.

एक प्रश्न खरे तर सर्वांआधी विचारावयाचा. वाफ हवीच कशाला? नुसते स्नानाचे पाणी तापवावयाचे असेल तर पाणीच तापविणारे साधे यंत्र पुरते. वाफ करून तिचे पुन्हा पाणी करण्याची यातायात नको. वसतिगृहाला वाफेचा बॉयलर बहुधा लागतच नाही. छपरावरच्या सौर संचांनी पाणी आधी ४० अंशांपर्यंत आणून दिले तर उरलेले काम फारच थोडे. रुग्णालयाचे तसे नाही. निर्जंतुकीकरणाच्या पेटीला आणि परिटाला वाफ लागतेच, आणि ती असल्यावर पाण्यासाठीही तीच वापरणे शहाणपणाचे ठरते.

वाफ आली की कायदा आला. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून अनेक माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालच्या विधिमंडळात पहिला कायदा झाला. प्रांतोप्रांतीचे निरनिराळे कायदे १९२३ च्या अधिनियमाने एका सूत्रात आले, आणि त्याची जागा २०२५ मध्ये नव्या बॉयलर अधिनियमाने घेतली. नोंदणी, ठराविक मुदतीची तपासणी आणि प्रमाणपत्र असलेला चालक या गोष्टी ध्यानात ठेवूनच विश्वस्तांनी खर्चाचा आकडा लिहावा. चालकाच्या पगाराची बाब त्यांच्या कागदांत बहुधा निराळी, आस्थापनेच्या सदरात असते आणि म्हणून नजरेआड होते. चार वाजता टाकीला वाफ मिळावयाची असेल, तर जाळ साडेतीनच्या आत लागला पाहिजे. आणि कोळशाची भट्टी असेल तर त्याहूनही पुष्कळ आधी. अर्ध्या टनाचा बॉयलर आणि साडेपाच हजारांची टाकी पसंत करावयाची, तर त्याच ठरावात त्या माणसाची रात्रपाळीही मंजूर झाली पाहिजे.